वेळाधिकारी

घंटा माझ्याकडे होती.
पितळी, जुनी, लोलक जरा सैल.
चार मिनिटांना एकदा, पाच मिनिटांना दोनदा,
एवढंच काम.
चित्रकलेच्या मास्तरला वक्तृत्वात आणखी काय देणार?

फळ्यावर विषयही मीच लिहिला, गुलाबी खडूनं :
'भूक : एक जागतिक आव्हान'.
'भू'चा उकार उगाच लांबला,
खालच्या तारखेत जाऊन अडकला.
पुसायला वेळ मिळाला नाही.

ऑक्टोबरचं ऊन. पंखे नुसते फिरतायत.
मागच्या गल्लीत यंत्रमाग चालू,
त्यांच्या खटखटीवर पोरं बोलतायत.
एकानं आफ्रिका आणली.
एकानं आकडे आणले, दशांशासकट.
जुळे सोलापूरच्या एका कोटवाल्यानं
डोळ्यांत पाणी आणलं,
बरोबर साडेतीन मिनिटांना.
परीक्षक खूश. मीही. पोरगा वेळेत बसला.

मग बारा नंबर.
सुप्रजा गुर्रम, आठवी ब, नीलमनगर.
हातात कागद नाही.

'आमच्या आईचं अंगठा येत नाही,' म्हणाली.
(माझ्या शेजारच्या बाईंनी 'उच्चार'च्या रकान्यात
तेवढ्यावरच चार लिहिले.)
'रेशनच्या मशीनवर. विड्या वळून वळून रेषा गेल्या.
मशीन म्हणतंय, ही बाई ती बाई नव्हे.
तीनदा लावलं की दुकानदार म्हणतो, उद्या या.
उद्या विड्या द्यायच्या असतात.
कारखान्यात चालतंय तिचं अंगठा.
तिथं कुणी विचारत नाही, कुणाचं आहे.'

मागून कुणीतरी हसलं.
तीही थोडी हसली.

'म्हणून महिनाअखेरीला, चार-पाच दिवस, आमच्याकडे...'

इथं ती थांबली.
शब्द शोधत होती. फळ्यावर लिहिलेला होता,
तिच्या पाठीमागे, गुलाबी, लांब शेपटीचा.
तिनं वळून पाहिलं नाही.
'आकलि,' म्हणाली.

निवृत्त मुख्याध्यापक पुढे झुकले, फार मायेनं :
'आकलन. आकलन म्हणायचंय का, बाळ?'

तिनं त्यांच्याकडे पाहिलं.
मग फुलं घातलेल्या टेबलाकडे.
'होय सर,' म्हणाली,
आणि आकलनाच्या अभावावर
उरलेलं दीड मिनिट नीट बोलली.
टाळ्या पडल्या. आदल्या पोरापेक्षा जास्त.

मी साखर पेठेत वाढलो.
डावीकडे तेलुगू, उजवीकडे कन्नड, घरात मराठी.
खेळून दमलो की आम्ही तिघंही
एकाच शब्दानं ओरडायचो नरसम्मावैनींच्या दारात,
आणि भाकरीचा तुकडा, वर शेंगाचटणी, हातावर पडायची.
मला तो शब्द येतो.
मी हात वर करू शकलो असतो.
वेळाधिकाऱ्यानं मध्ये बोलू नये, असा नियम आहे.
नियमावली मीच टाइप केली होती.

पुढे तिला उत्तेजनार्थ मिळालं, तिसरं.
सोलापुरी टॉवेल आणि प्रमाणपत्र.
टॉवेलाचा काठ तिनं चिमटीत धरून तपासला,
विणकराच्या घरचं पोर तपासतं तसा,
आणि काही बोलली नाही.

पण ते नंतर. त्याआधी
आम्ही सगळे पाहुण्यांची वाट बघत बसलो होतो.
अडीच वाजलेले. गाडी अजून होटगी रस्त्यावर.
पाहुण्यांआधी नाश्ता नाही, असं ठरलेलं.
व्हरांड्यात पोह्यांच्या पातेल्यावर
वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर वीट.

ती माझ्याजवळ आली.
'सर, माझ्या वेळी चारची घंटा वाजवली का?'

'वाजवली की. वहीत आहे.'

'मला वाटलं,' ती म्हणाली, 'कान वाजतायत.
सकाळी वाजतात माझे.'

असं सांगितलं, जसं कुणी सांगतं
घराजवळनं रेल्वे जाते.

मी वहीत पाहिलं. चार मिनिटं, शून्य सेकंद.
माझी चूक नव्हती कुठंच.
लोलक मी बोटानं धरून ठेवला होता,
उगाच वाजू नये म्हणून.